दोन टक्के आणि उरलेले अठ्ठ्याण्णव

एखादी कंपनी समाजासाठी काय करते असं विचारलं की हल्ली सीएसआरचा आकडा पुढे केला जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, की नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी कोणतीही एक पायरी गाठली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. पण तो नफा मिळवला कसा आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के जातात कुठे, हे ठरतं मालकाकडे. कंपनीची पारख तिथे व्हायला हवी, असं मला वाटतं. टाटांचा इतिहास त्यासाठी बघण्यासारखा आहे.

जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा देशात व्हायला १९२३ उजाडलं. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांची पाळी होती. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी तेव्हाच्या कायद्याने मर्यादा घातली होती ती बारा तासांची.

याचं सगळं श्रेय मालकाला देऊन चालणार नाही. १९२० च्या फेब्रुवारीत जमशेदपूरचे कामगार संपावर गेले आणि त्याच वर्षी प्रॉव्हिडंट फंड व भरपगारी रजा सुरू झाली. मालक भला असला तरी मागणारा लागतोच.

टाटांचं खरं वेगळेपण मालकीच्या रचनेत आहे. जमशेटजींचे मुलगे दोराबजी आणि रतनजी, दोघांनाही अपत्य नव्हतं. त्यांची संपत्ती धर्मादाय न्यासांकडे गेली. आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के समभाग अशा न्यासांकडे आहेत. समूहातल्या कंपन्या टाटा सन्सला लाभांश देतात, टाटा सन्स आपल्या भागधारकांना देते आणि त्यातला मोठा वाटा न्यासांच्या हाती पडतो. सीएसआरच्या हिशेबात तो धरला जात नाही, कारण तो कंपनीचा खर्च नव्हे, मालकाचं उत्पन्न आहे. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं ते दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. पुढे १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे गेलं. रिपोर्टांची पिशवी घेऊन गावाहून परळला आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना त्या मालकी-रचनेचं मोल आकडेमोड न करता कळलेलं आहे.

याच टाटांच्या वीज कंपनीने मुळशीत धरण बांधायला घेतलं, तेव्हा मावळातली गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट तिथेच ‘सेनापती’ झाले. लढा हरला, धरण झालं, वीज मुंबईला गेली. हॉस्पिटलच्या पुण्याईने मुळशीचा हिशेब मिटत नाही. काय द्यायचं हे मालकाने ठरवलं, तसं काय घ्यायचं हेही त्यानेच; ज्यांचं घेतलं त्यांना नकाराचा अधिकार नव्हता.

आजच्या कलम १३५ मध्येही तो नाही. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, एवढं ते सांगतं. पण सीएसआर समिती संचालकांचीच असते, परिसरातल्या माणसाला तिच्यात जागा नसते. नकाराची थोडीफार सोय आहे ती त्याच २०१३ च्या भूसंपादन कायद्यात. सरकारने खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती लागते. मात्र ही संमती मोजताना जमीनधारक कुटुंबंच धरली जातात. दुसऱ्याच्या शेतात राबणारी कुळं आणि शेतमजूर पुनर्वसनाला पात्र ठरतात, पण जमीन द्यायची की नाही हे त्यांना कोणी विचारत नाही. मुळशीतही जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या, आणि धरणाविरुद्ध उभे राहिले ते त्या कसणारेच.