सॉफ्टवेअर-नियंत्रित नेटवर्कसाठी यंत्रसामग्रीचे नियोजन : महाविद्यालयीन डेटा सेंटरच्या संदर्भात

प्रस्तावना

केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली आणि २००८ साली राज्यांत डेटा सेंटर उभारण्याच्या योजनेला मान्यता दिली. मध्य प्रदेशचे राज्य डेटा सेंटर भोपाळमध्ये आहे. अशा मोठ्या केंद्रांकडे तज्ज्ञांचा स्वतंत्र वर्ग असतो. भोपाळमधीलच सोनागिरीसारख्या वस्तीतील एखाद्या महाविद्यालयाने लहान डेटा सेंटर उभारायचे ठरविले, तर खरेदीचा प्रस्ताव बहुधा शिक्षकांच्या समितीलाच तयार करावा लागतो. निधी एकदाच मिळतो. चूक झाली तर प्रात्यक्षिकांचे नुकसान विद्यार्थ्यांना सोसावे लागते. म्हणून निविदा काढण्यापूर्वी कोणता हिशेब करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

पूर्वीच्या रचनेत सर्व्हर, साठवण यंत्रणा आणि नेटवर्क ही तीन वेगळी अंगे असत. हायपरकन्व्हर्ज्ड रचनेत प्रत्येक सर्व्हरमधील डिस्क सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एकत्र जोडून सर्वांची सामाईक साठवण तयार केली जाते. अशा प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात.

विद्यापीठाच्या आवारातील नेटवर्कवर नवे प्रयोग करता यावेत, या हेतूने स्टॅनफर्ड व इतर विद्यापीठांतील संशोधकांनी २००८ साली ओपनफ्लो ही पद्धत मांडली. माहितीने कोणत्या वाटेने जावे याचा निर्णय प्रत्येक स्विचने स्वतंत्रपणे न घेता कंट्रोलर नावाच्या सॉफ्टवेअरने घ्यावा, हा तिचा गाभा होय. व्हीलॅन पद्धतीत जास्तीत जास्त ४,०९४ वेगळी नेटवर्क करता येतात. व्हीएक्सलॅन पद्धतीत ही संख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होते.

सर्व काही सॉफ्टवेअर करते, तेव्हा यंत्रे साधी असली तरी चालतील, असा समज येथे होतो. वस्तुस्थिती उलट आहे. साठवणीची ये-जा आता नेटवर्कवरूनच होत असल्याने यंत्रांवरील भार वाढतो.

स्मृतीचा हिशेब

उदाहरणादाखल ४ नोड आणि विद्यार्थ्यांसाठी १०० आभासी संगणक घेऊ. प्रत्येकी ४ जीबी धरल्यास ४०० जीबी स्मृती लागेल. चारांत भागून प्रत्येक नोडमध्ये १०० जीबी, म्हणून १२८ जीबी पुरे, असे वाटते. पण यात दोन गोष्टी सुटल्या.

पहिली, नेटवर्क चालविणारे सॉफ्टवेअरही याच नोडांवर राहते. ३ कंट्रोलर, भार वाटणारे २ व बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारे २ असे ७ आभासी संगणक प्रत्येकी ८ जीबी धरले तर ५६ जीबी. एकूण गरज ४५६ जीबी झाली. दुसरी, एक नोड बंद पडला तरी उरलेल्या तिघांनी सारा भार उचलला पाहिजे. म्हणजे प्रत्येकी १५२ जीबी, शिवाय नोडच्या स्वतःच्या कामासाठी ३२ जीबी, मिळून १८४ जीबी. म्हणून १९२ जीबीहून कमी घेणे धोक्याचे. १२८ जीबी घेतली असती, तर एक नोड बंद पडताच केवळ २८८ जीबी उरली असती.

तीन कंट्रोलर तीन वेगळ्या नोडांवर ठेवावेत. तिघांपैकी दोघे चालू असले की बहुमत टिकते. दोघे एकाच नोडवर असतील तर त्या नोडबरोबर बहुमतही जाते.

साठवण

माहितीच्या तीन प्रती ठेवायच्या असतील तर १० टीबी माहितीसाठी ३० टीबी जागा लागते, म्हणजे प्रत्येक नोडवर ७.५ टीबी. बिघडलेल्या डिस्कची माहिती पुन्हा उभारण्यासाठी प्रत्येक नोडवर एका डिस्कएवढी जागा मोकळी ठेवावी. ४ टीबीच्या डिस्क घेतल्यास प्रत्येक नोडला ३ लागतील.

नेटवर्क कार्ड आणि स्विच

एका नोडवरील ७.५ टीबी माहिती एकाच मार्गाने पुन्हा वाहून न्यायची झाल्यास १ गिगाबिट वेगाने किमान १६ तास ४० मिनिटे लागतात, १० गिगाबिटने १ तास ४० मिनिटे आणि २५ गिगाबिटने ४० मिनिटे. प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच वेळ जातो, आणि तेवढा काळ माहितीच्या प्रती अपुऱ्या असतात. प्रयोगशाळेतला जुना १ गिगाबिटचा स्विच वापरू नये, याचे कारण हेच. प्रत्येक नोडची दोन जोडण्या दोन वेगळ्या स्विचला द्याव्यात.

व्हीएक्सलॅन प्रत्येक पाकिटावर ५० बाइटचे जादा वेष्टण चढविते. नेहमीची मर्यादा १,५०० बाइटची असते. वाटेतील प्रत्येक स्विचने किमान १,५५० बाइटचे पाकीट पुढे नेले पाहिजे. एकाही स्विचवर ही मर्यादा वाढवायची राहिली, तर लहान चाचणी संदेश बिनचूक पोहोचतात, पण मोठी फाइल अडते. असा दोष शोधणे फार अवघड जाते. तो टाळण्यासाठी निविदेतच ही अट लिहावी. कार्ड व डिस्क सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणित यादीतीलच असावीत. व्यवस्थापनाचे नेटवर्क मात्र कंट्रोलरवर अवलंबून ठेवू नये. अन्यथा कंट्रोलर बंद पडल्यास त्याच्या दुरुस्तीची वाटही बंद होते.

वीज आणि उष्णता

प्रत्येक नोड ५०० वॅट घेतो असे धरल्यास चारांचे २ किलोवॅट होतात, आणि ही सारी वीज खोलीत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १ टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता काढते. हिशेबाने एक यंत्र पुरते, पण मे महिन्यात भोपाळचे तापमान ४० अंशांपुढे जाते. तेव्हा दुसरे यंत्र राखीव हवे.

समारोप

कंट्रोलरचे नियम चुकले तर ते एका दुपारी बदलता येतात. कमी पडलेले कार्ड किंवा स्विच बदलण्यासाठी पुन्हा निधी मागावा लागतो. म्हणून 'एक नोड बंद पडला तर काय?' हा प्रश्न समितीने प्रस्तावातील प्रत्येक आकड्याला विचारावा आणि त्याचे उत्तर आकड्यांतच लिहून ठेवावे.