ऑपरेशन जानेवारीत, केसगळती एप्रिलमध्ये

वजन कमी करण्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं असेल, तर केस जानेवारीत गळत नाहीत. फेब्रुवारीतही नाही. टाके बुजतात, खाणं पातळ सूपवरून मऊ खिचडीवर येतं, जुने ड्रेस सैल होतात, लग्नकार्यात लोक ओळखत नाहीत. मग एप्रिलच्या सुमारास न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उशीवर, फणीत, मळलेल्या कणकेतसुद्धा. आता बहुतेक जणी एप्रिलमध्ये काय बिघडलं ते शोधायला लागतात. (पुरुषांचेही गळतात, ते बोलत नाहीत इतकंच.) शाम्पू बदलतात, बोअरच्या पाण्याला दोष देतात, कांद्याचा रस लावतात. एप्रिलमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. जे व्हायचं ते जानेवारीतच झालेलं असतं.

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणं) असो वा बायपास (अन्नाची वाट वळवणं), या ऑपरेशननंतर साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांचे केस कमीजास्त गळतात. त्यातलं नेहमीचं काय आणि काळजीचं काय, हे पहिल्यांदा तारखेवरून ओळखायचं असतं.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकानं चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, दोनतीन आठवडे आवरतं घेणं, मग सुमारे तीन महिने विश्रांती. विश्रांती संपता संपता जुना केस सुटतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही वेळी दहा टक्क्यांच्या आसपास केस विश्रांतीत असतात, म्हणजे दहा हजार. ते शंभरेक दिवसांत गळायचे म्हटले, तर दिवसाला शंभर होतात. रोज पन्नास ते शंभर केस जाणं स्वाभाविक आहे असं डॉक्टर सांगतात, त्यामागचा हिशेब हा.

शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत ढकलले जातात. दहाऐवजी तीस टक्के विश्रांतीत गेले, तर तीन महिन्यांनी दिवसाला शंभरऐवजी तीनशे केस गळणार. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये हे नाव दिलं आणि केस गळण्यामागचा हा महिन्यांचा विलंबही मांडला.

ऑपरेशनमध्ये धक्के एकावर एक येतात. भूल आणि शस्त्रक्रिया हा पहिला. त्यानंतर काही आठवडे पोटात जेमतेम काही शे कॅलरी जातात आणि वजन झपाट्यानं उतरतं, हा दुसरा आणि बहुधा मोठा. अशा वेळी शरीर काटकसर करतं. पगार थकलेल्या घरात किराणा आणि औषधं चालू राहतात, भिंतींचा रंग पुढच्या वर्षावर जातो. हृदय, यकृत, स्नायू हा किराणा. केस म्हणजे रंगकाम.

आपल्या घरांतल्या बायकांना हे वेळापत्रक नाव माहीत नसलं तरी ओळखीचं आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, टायफॉइडमधून उठलेल्याचे गळतात, डेंग्यूनंतर गळतात. २०२१ मध्ये कोविडमधून बरे झालेले कितीतरी लोक याच तक्रारीनं त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. २०२५ मध्ये भारतात वजन उतरवणारी मोंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली. वेगोव्हीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे तीन टक्क्यांनी केस गळाल्याचं सांगितलं, औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांत एक टक्क्यानं. तिथे पोटाला चाकू लागलेला नाही, तरी केस गळतात. वजन झपाट्यानं उतरणं हेच त्यामागचं मोठं कारण मानलं जातं.

गळलेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. ‘मुळासकट आला’ म्हणून लोक घाबरतात, पण ते मूळ नव्हे. विश्रांतीतल्या केसाचं ते घट्ट झालेलं टोक असतं. मूळ कातडीखाली शाबूत असतं आणि बहुतेक वेळा त्यात नव्या केसाची तयारी चाललेली असते. म्हणून या प्रकारात केस विरळ होतात, पूर्ण टक्कल पडत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास सुरू झालेली गळती साधारणपणे आणखी तीनचार महिने चालते आणि ओसरते. ऑपरेशनपासून मोजलं तर सहाव्या ते नवव्या महिन्यादरम्यान कपाळाच्या कडेला दोनतीन सेंटिमीटरचे, कशानंच न बसणारे उभे केस दिसायला लागतात. ते दिसले की समजावं, गाडी परतीला लागली. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. गळणं थांबलं तरी वेणीची जाडी परत यायला एक ते दीड वर्ष आणि केस लांब असतील तर त्याहूनही जास्त लागतं. ‘औषधाचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा या मधल्या काळातली असते.

या पहिल्या लाटेला हमखास थांबवणारं औषध नाही. कोणी विकत असेल तर तो मुळातच थांबणारी गळती थांबवल्याचे पैसे घेतोय, असं मला स्पष्ट वाटतं. पण ती लांबू नये हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी डोक्यापेक्षा ताटाकडे पाहावं लागतं.

केस प्रथिनांचा बनलेला असतो. ऑपरेशननंतर दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत, बहुतेकांना साठ ते ऐंशी सांगितली जातात. पोट मात्र वाटीभर खाण्यातच भरतं. स्लीव्हमध्ये जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढलेला असतो आणि बायपासमध्ये उरलेली पिशवी दोन मोठ्या चमच्यांएवढी असते. मराठी शाकाहारी ताटाचा इथे कस लागतो. वाटीभर घट्ट वरणात सहासात ग्रॅम प्रथिनं मिळतात. आपण घरी करतो त्या पातळ वरणात किती, ते पळीनं ढवळून बघा. पेलाभर दुधात सहासात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. दोन अंड्यांत बारा. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा चिकनमध्ये वीस ते पंचवीस. ताकात नाव घेण्यासारखं काही नाही. म्हणून जेवायला बसल्यावर आधी उसळ, अंडं, पनीर किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासानं. पहिल्या महिन्यात चावून खाणंच नसतं, तेव्हा प्रोटीन पावडरीला पर्याय नाही. ती डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी सांगितलेलीच घ्यावी.

उपवासांचं काय? संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीत प्रथिन मिळतं ते दाण्याच्या कुटाचं. पहिल्या वर्षात उपवास सोडूनच द्यावेत हे उत्तम. मन मानत नसेल तर दूध, दही, पनीर आणि राजगिरा उपवासाला चालतात, तेवढ्यावर दिवस काढावा. देवाची हरकत नसते, असते ती सासूबाईंची, आणि त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवता येईल.

आता लोह. हा विषय सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. अन्नातलं लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी जठरातलं आम्ल लागतं. बायपासमध्ये अन्न तो भाग टाळूनच पुढे जातं. स्लीव्हमध्ये आम्ल तयार करणारं जठरच कमी होतं, आणि वर ॲसिडिटीची गोळी काही महिने चालू असते. म्हणून पाळी चालू असलेल्या बायकांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सांगितलं जातं. अशी गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली, तर चहा ते लोह अडवतो. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली, तर कॅल्शियम अडवतं. या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तास ठेवावेत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा नंतर तासाभरानं. गोळ्यांनी भागलं नाही तर डॉक्टर सलाइनमधून लोह देतात. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही, ज्या वाटेनं शोषायचं ती वाटच बदललेली आहे.

तपासताना नुसतं हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नये. फेरिटिन पाहावं. फेरिटिन म्हणजे शिल्लक साठा. हिमोग्लोबिन बाराच्या वर असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि केसांना त्याची झळ आधी लागते. ‘रक्त चांगलं आहे’ असं ऐकून परतलेल्या बायकांचं निदान इथेच हुकतं.

घरोघरी सुचवला जाणारा अळिवाचा लाडू याच संदर्भात येतो. अळिवात लोह असतं हे खरं, पण वनस्पतीतलं लोह शरीर कमी घेतं, आणि लाडवात त्याच्या कितीतरी पट गूळ-तूप असतं. बायपास झालेल्या माणसानं गुळाचा लाडू खाल्ला तर साखर एकदम आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळा येतात. आजीचा लाडू बाळंतिणीसाठी होता. तिचं जठर पूर्ण होतं.

जस्ताची कमतरताही केस गाळते, म्हणून झिंकच्या गोळ्या लोक स्वतःच घेऊ लागतात. पन्नास मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने घेतली तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि त्यातून रक्तक्षय आणि चालण्यात तोल जाणं असे नवे आजार उभे राहतात. जास्त म्हणजे चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. याचं ढळढळीत उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडायला लागलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमशी जोडला. सेलेनियम कमी पडलं तरी केस जातात, अति झालं तरी जातात. अ जीवनसत्त्वाचंही तेच.

आणि बायोटिन. केसांच्या प्रत्येक गोळीच्या डबीवर हे नाव मोठ्या अक्षरांत असतं. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि ती नसताना बायोटिन घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करायच्या ट्रोपोनिनच्या तपासणीत चुकीचे आकडे दाखवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. फळांच्या चवीच्या गमी तर मल्टिव्हिटॅमिन म्हणून धरूच नका. बहुतेकींत लोह नसतंच.

डोक्यावर काय लावायचं? माका, जास्वंद, खोबरेल, जे आवडतं ते. तेलानं केस मऊ राहतो, तुटतो कमी. मुळाच्या वेळापत्रकावर त्याचा परिणाम नाही. न्हाणं टाळू नका. आठवडाभर न धुतलेल्या डोक्यातून सुटलेले सगळे केस एकाच दिवशी हातात येतात आणि धडकी भरते. घट्ट अंबाडा, केराटिन, स्मूदनिंग वर्षभर नको. केस खांद्यापर्यंत कापले तर विरळपणा कमी जाणवतो, भांग बदलला तरी फरक पडतो. टाळूवर टाकायची केसांच्या रंगाची पावडर मिळते, समारंभापुरता टॉपर किंवा विगही लावता येतो. त्यात फसवाफसवी काही नाही. ‘जाड होतीस तेच बरं होतं’ असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचंच असेल, तर साखरेच्या किती गोळ्या बंद झाल्या तेवढं सांगा.

तारखेकडे परत येऊ. गळती सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या पुढे चालूच राहिली, किंवा एकदा थांबून वर्षभरानंतर पुन्हा सुरू झाली, तर ती ऑपरेशनच्या धक्क्याची नव्हे. तिथे प्रथिनं, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, जस्त, फॉलिक ॲसिड आणि थायरॉइड तपासावं लागतं. गोळ्या बंद केल्या होत्या का, हेही स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. अनेक जण पुढे त्या बंद करतात. नाण्याएवढे गोल चट्टे पडले तर ती चाई आहे, वेगळा आजार. भांग रुंद होत चालला असेल, विशेषतः पीसीओएस असलेल्यांचा, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथे मिनॉक्सिडिल उपयोगी पडतं, पण त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिल्यावरच. आणि सतत उलट्या होऊन हातपायांना मुंग्या येत असतील, नजर दुहेरी होत असेल किंवा तोल जात असेल, तर केसांचा विचार सोडून त्याच दिवशी सर्जनकडे जा. ती बी-१ ची कमतरता असू शकते, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर एक काम आधीच करा. लठ्ठ माणसाचं पोषण चांगलं असतं हा गैरसमज आहे. ऑपरेशनला आलेल्या अनेकांत लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आधीपासूनच कमी सापडतं. तारीख ठरवण्यापूर्वी फेरिटिन, बी-१२ आणि ड तपासून घ्या, कमी असेल ते भरून काढा, आणि पुढच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात व त्यानंतर दर वर्षी होतील अशी नोंद आपल्या फाइलवर डॉक्टरांकडून करून घ्या.