मेलबोर्नच्या मैदानावरील गोमंतकीय

शापोरा नदीच्या एका तीरावर बार्देश आणि दुसऱ्या तीरावर पेडणे. बार्देशातील शिवोली गावी इ. स. १८८३ मध्ये पाद्री विल्यम लायन्स यांनी फुटबॉलचा खेळ आणला, असे सांगितले जाते. चर्चपुढील मोकळ्या जागेत आणि कापणी झालेल्या शेतांत तो लवकरच रुजला. परंतु खेळात नैपुण्य मिळविणे निराळे आणि त्यावर उदरनिर्वाह करणे निराळे. पोर्तुगीज अमदानीत पोटापाण्यासाठी गोमंतकीय तरुणाला बहुधा मुंबईची वाट धरावी लागे. खेळाडूही त्याच वाटेने गेले. शिवोलीशेजारच्या आसगावचे नेव्हिल डिसोझा हे त्यांच्यातील अग्रगण्य होत.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा. मुंबईत टाटांच्या संघातून खेळताना मध्य आघाडीवरील चपळ खेळाडू म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. त्यापूर्वी चार वर्षे, हेलसिंकी येथे, युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक गोलाने धुव्वा उडविला होता. त्या वेळी आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या पराभवाने शहाणे होऊन भारताने बूट स्वीकारले. मेलबोर्नला गेलेला संघ प्रशिक्षक रहीम यांच्या शिस्तीत तयार झालेला होता. तरीही त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणी केली नव्हती.

१ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. मध्यंतराला दोन-दोन अशी बरोबरी होती. भारताचे दोन्ही गोल नेव्हिल यांचे होते. उत्तरार्धात त्यांनी तिसरा गोल केला, किट्टू यांनी चौथा, आणि भारत चार विरुद्ध दोन असा विजयी झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिल यांनीच केला. पुढे मात्र भारत चार विरुद्ध एक असा हरला आणि अखेर चौथ्या क्रमांकावर राहिला. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल यांची गणना झाली.

या पराक्रमाचे मोल गोलांच्या संख्येवरून कळणार नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवी येथे नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. गोवा आणि मुंबई यांमधील रोजची ये-जा तुटली, घरे दुभंगली. या घटनेला पुरते दीड वर्षही लोटले नव्हते, तोच बार्देशातील घराण्याचा हा तरुण सातासमुद्रापार भारताचा गणवेश घालून उभा राहिला. गोवा भारतात आला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्याचा खेळाडू मात्र पाच वर्षे आधीच भारताचा झाला होता.

मुक्तीनंतर खेळाडूंची वाट बदलली. डिचोलीच्या डोंगरांतून निघणाऱ्या लोहखनिजाने गोव्यात पैसा आणला आणि धेंपे, साळगावकर यांसारख्या खाणमालकांनी फुटबॉलचे संघ पोसले. ज्या चाकरीसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे, ती आता घरच्या अंगणात मिळू लागली. १९८० च्या दशकात गोव्याने संतोष करंडकही जिंकला.

हे यश पाहावयास नेव्हिल राहिले नाहीत. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत उतरलेला नाही. मेलबोर्नच्या त्या दुपारची आठवण म्हणूनच अभिमानाची आहे आणि थोडी खंत वाटायला लावणारीही.