सीपीएल म्हणजे नेमणूकपत्र नव्हे

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 मध्ये विमानं उडू लागली आणि माणगावात पायलट होण्याच्या चर्चेला जोर आला. विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पोर बारावी सायन्सला, महामार्गालगतच्या जमिनीचे पैसे बँकेत. मग एक वाक्य हमखास कानावर येतं, "एकदा सीपीएल काढलं की कंपनी घेतेच." साफ खोटं आहे हे. त्याच्या भरवशावर घरं 50 लाख आणि त्याहून जास्त रक्कम ओततात, म्हणून राग येतो.

सीपीएल हा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. तो देते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. विमान कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. वय 18 पूर्ण, लेखी विषयांत प्रत्येकी 70 टक्के, किमान 200 तासांचं उड्डाण आणि क्लास वन मेडिकल अशा अटी पूर्ण झाल्या की तो मिळतो. बारामती, शिरपूर, गोंदिया इथे हे तास मुख्यतः छोट्या विमानांवर भरतात. एअरबस ए-320 साठी त्या विमानाचं स्वतंत्र टाइप रेटिंग, म्हणजे ते चालवण्याची पात्रता, लागते. तीही मिळाली तरी बसायचं उजवीकडे, सहवैमानिक म्हणून. कॅप्टनला एटीपीएल हा वरचा परवाना हवा आणि त्यासाठी 1500 तास.

शिवाय भरती निघायला हवी. जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये थांबली, तेव्हा हजारो तास उडालेले वैमानिक काम शोधत होते. 200 तासांची मुलं त्यांच्याच बरोबर उभी होती.

भरती निघाली की चाळणी सुरू होते. आधी हवामान, नेव्हिगेशन, नियम आणि तांत्रिक विषयांची लेखी परीक्षा. मग संगणकावरची क्षमता चाचणी: जॉयस्टिकने खूण जागेवर धरायची, कानात येणारे आकडे लक्षात ठेवायचे आणि त्याच वेळी गणितं सोडवायची. पुढे मानसशास्त्रीय चाचणी, गटचर्चा, मुलाखत, बऱ्याच ठिकाणी सिम्युलेटर. सिम्युलेटरमध्ये हात किती सफाईदार आहे एवढंच बघतात, असं समजू नका. चूक झाल्यावर उमेदवार ती ओळखतो का, शेजारच्याचं ऐकतो का आणि गरज पडली तर त्याला अडवतो का, हेही तपासतात. 22 मे 2010 ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीपलीकडे दरीत गेलं, 158 माणसं गेली. उतरणं सोडून विमान पुन्हा वर न्या, असं सहवैमानिकाने सुचवलं होतं, असं चौकशी अहवालात नोंदलं आहे. कॅप्टनने ऐकलं नाही. असा माणूस कॉकपिटमध्ये नको, म्हणून स्वभावही तपासावा लागतो आणि तो शिकवणीत घोकता येत नाही.

इंडिगो आणि एअर इंडियाच्या कॅडेट योजनांत निवड आधी आणि प्रशिक्षण नंतर, हा क्रम बरा. पण तिथेही प्रत्येक टप्पा पार करावाच लागतो.

"ओळख असली की होतं" म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका. 2011 मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याचं उघड झालं, तेव्हा वैमानिकांना अटक झाली होती.

बाकीचे समज थोडक्यात. चष्मा चालतो, चष्म्यासह नजर नियमात बसली की पुरे. इंग्रजीचा उच्चार गावाकडचा असला तरी हरकत नाही, रेडिओवर बोलणं स्पष्ट आणि बिनचूक हवं; आंतरराष्ट्रीय निकषाची किमान पातळी चौथी. बारावीला भौतिकशास्त्र-गणित नव्हतं तर ते एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतं. "मुलींचं काम नाही" म्हणणाऱ्यांना सांगा, भारतात सुमारे 15 टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट.

आणि फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन. रंग नीट ओळखता येत नाहीत, हे काही मुलांना याच तपासणीत पहिल्यांदा कळतं.