एकच गेम, दोन नावं

रेसिडेंट ईव्हिलचं जपानमधलं नाव ‘बायोहॅझर्ड’! १९९६ साली दिग्दर्शक शिंजी मिकामींचा पहिला भाग तिथे याच नावाने आला. अमेरिकेत मात्र पंचाईत झाली. त्या नावाचा डॉस गेम होता, बँडही होता. मग गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने कंपनीतच नावांची स्पर्धा घेतली. सगळा थरार एका हवेलीत घडतो, म्हणून ‘रेसिडेंट ईव्हिल’ निवडलं गेलं. अडचणीतून घडलेली काय जबरदस्त ओळख!

२०१७ च्या सातव्या भागात तर कमालच केली. जपानबाहेर ‘रेसिडेंट ईव्हिल ७: बायोहॅझर्ड’, जपानात नेमकं उलट. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनो, पहिल्या भागाचा २००२ चा रीमेक आधी खेळा.