गाळलेली जागा भरताना

• उगम : हर्मान एबिंगहाउस यांची वाक्यपूर्ती चाचणी, १८९७. उताऱ्यातले शब्द गाळणारी ‘क्लोझ’ पद्धत विल्सन टेलर यांची, १९५३.
• एसएससी सीजीएल, पहिला टप्पा : १०० प्रश्न, ६० मिनिटे, त्यांत इंग्रजीचे २५. बरोबर उत्तराला २ गुण, चुकल्यास अर्धा गुण वजा.
• जीआरई : दोन-तीन जागा असल्यास सर्व बरोबर हव्यात. चुकीला गुणकपात नाही.
• सॅट : स्वतंत्र वाक्यपूर्ती प्रश्न २०१६ पासून बंद.
• क्रम : पर्याय झाकून वाक्य वाचा, मनात शब्द ठरवा, मग पर्याय पाहा.
• खुणा : ‘बट’, ‘ऑल्दो’ विरोध दाखवतात, ‘बिकॉज’ कारण, ‘मोरओव्हर’ भर.
• पडताळणी : निवडलेला शब्द घालून पूर्ण वाक्य पुन्हा वाचा.