बसऱ्याची स्वारी आणि फडक्यातली मटकी

फाओला वाळू नाही. शत्त-अल-अरब नदी इराणच्या आखाताला मिळते तिथे आहे तो नुसता चिखल, आणि नदीच्या तोंडाशी गाळाचा बांध. भरती आली की मोठं जहाज त्यावरून आत जाणार, ओहोटीला बाहेरच ताटकळणार. पहिल्या महायुद्धात, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी ‘ओडिन’ या ब्रिटिश युद्धनौकेने इथल्या तुर्की तोफा गप्प केल्या आणि सुमारे ६०० सैनिक काठावर उतरले. हिंदुस्थानातून गेलेली समुद्राखालची तार इथेच जमिनीवर येत होती. मागची फौज नदीने वर जाऊन सानियाजवळ उतरली. ही फौज म्हणजे ‘पूना ब्रिगेड’. ती १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघालेली होती आणि ११७वी मराठा पलटण तिच्यातच होती.

मराठा पलटणींची भरती व्हायची ती सातारा, कोल्हापूर, कोकण या मुलखातून. साताऱ्याजवळच्या ‘मिलिटरी’ अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली.

उतरणं निभावलं. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं. मग सेनापतींना बगदाद दिसू लागलं. वर्षभराने बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मार खाऊन फौज मागे आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तैग्रिसच्या वळणावरच्या कूट गावात कोंडली गेली. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. इतिहासात इथे सेनापतींच्या चुका मोजल्या जातात, त्या मोजाव्यातही. मला मात्र ताटात काय होतं ते पाहायचं आहे.

कूटच्या डॉक्टरांसमोर एक चमत्कारिक चित्र होतं. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन आजार, पण माणसं वाटून घेतलेली. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी: पाय सुजायचे, नसा निकामी व्हायच्या. आपल्या सैनिकांना स्कर्व्ही: हिरड्या फुगून रक्त यायचं, सांधे धरायचे, जखमा भरून येत नसत. गोऱ्यांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे, त्यात कोंडा नाही आणि कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्वही नाही. आपल्यांना कोंड्यासकट कणीक मिळे, म्हणून बेरीबेरी त्यांच्या वाट्याला आली नाही. पण गहू कितीही सकस असला तरी त्यात ‘क’ जीवनसत्त्व नसतं. भाजीपाला संपला होता. ताजं मांस उरलं ते घोड्याचं. त्यात ‘क’ थोडं असतं, तेवढ्यावर गोरे तगले. आपल्यातल्या बहुतेकांनी एप्रिलपर्यंत त्याला हात लावला नाही. धर्मगुरूंची परवानगी मागवून झाली, तरीही. गावी परतल्यावर सोयरीक कोण करील, ही धास्ती पोटातल्या भुकेपेक्षा मोठी होती.

शरीरात ‘क’चा साठा साधारण दीड ग्रॅम. पुरवठा तुटला की दोन-तीन महिन्यांत तो तळाला जातो. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या बांधून ठेवणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन ‘क’शिवाय नीट विणलं जात नाही. म्हणून स्कर्व्हीत जुने, भरलेले वणसुद्धा उकलतात. हे टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅम पुरतात. एका लिंबाच्या रसातही त्याहून जास्त असतं.

आता घरची गोष्ट. कोरड्या मटकीत ‘क’ जवळजवळ नसतं. रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून चुलीच्या उबेला ठेवली की बी जागं होतं, श्वास घेऊ लागतं आणि ‘क’ स्वतःच तयार करतं. मुगाच्या शंभर ग्रॅम मोडांत सुमारे १३ मिलिग्रॅम भरतं. ना माती लागते, ना ऊन. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच महायुद्धाच्या काळात गिनीपिगांवर प्रयोग करून मोडांचा हा गुण तपासला. माणसासारखंच गिनीपिगालाही ‘क’ स्वतः बनवता येत नाही, म्हणून त्याची निवड. पुढे स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांना मोड आलेला घेवडा दिला, तेव्हा लिंबाच्या रसाइतकाच गुण आला.

यात एक मेख आहे. फौजेच्या शिध्यात असायची ती डाळ. भरडताना दाण्याचे दोन भाग होतात, साल जाते, अंकुरही जातो. डाळ आठवडाभर भिजवलीत तरी तिला मोड येणार नाही, वास तेवढा येईल. मोड यायला अख्खं कडधान्य हवं. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. मात्र त्या मोडात काय असतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पक्की पटली १९३२ साली. कूट पडलं २९ एप्रिल १९१६ ला आणि सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली.

‘क’ उष्णतेने मरतं. तेव्हा उसळ गाळ होईपर्यंत रटरटवू नका. एक वाफ आली की उतरवा आणि लिंबू पिळायचं ते ताटात, कढईत नाही.